मांडीची बाहेरची बाजू जळते, बधिर होते? मांडी चोळणं थांबवा आणि आधी पट्टा बघा

थोडा वेळ उभं राहिलं की मांडीच्या बाहेरच्या बाजूला जळजळ सुरू होते, मुंग्या येतात, मधूनच सुया टोचल्यासारखं होतं आणि हात फिरवला तर ती जागा अर्धवट बधिर, म्हणजे दाबलेलं कळतं पण कातडी आपली नाहीच असं वाटतं. पॅन्टचं कापड घासलं तरी नकोसं होतं, आंघोळीचं कोमट पाणी नेमकं तेवढ्याच जागी कढत लागतं, आणि काही जणांना तर खिशात फोन व्हायब्रेट झाल्यासारखं वाटतं, हात घालून बघावं तर फोन समोर टेबलावर. हे सगळं गुडघ्याच्या वरच थांबतं आणि बसलं की बऱ्यापैकी कमी होतं. असं जर तुमचं दोन-तीन महिने चालू असेल आणि बाम, मालिश, पेनकिलर सगळं करून झालं असेल तर हे नीट वाचा, कारण बहुतेक जण चुकीच्या जागी उपाय करत बसतात.

याला डॉक्टर मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. नाव ऐकून घाबरायला होतं पण प्रकार साधा आहे. कमरेच्या मणक्यातून, दुसऱ्या-तिसऱ्या लंबर मुळातून, एक बारीक नस निघते, पोटाच्या आतून पुढे येते आणि जांघेत एक जाड पट्टीसारखं लिगामेंट असतं त्याच्या खालून किंवा आरपार निसटून मांडीच्या बाहेरच्या कातडीत उतरते. या नसेचं काम फक्त संवेदना पोचवण्याचं, तिच्यावर एकही स्नायू चालत नाही. ती ज्या बोळातून बाहेर पडते तो बोळ कमरेच्या पुढच्या हाडाला लागूनच आहे, म्हणजे बरोब्बर जिथे आपण पट्टा बांधतो, जिथे पोट लोंबतं आणि जिथे घट्ट जीन्सचा कमरपट्टा रुततो तिथे. नस दबते तिथे आणि ओरडते मांडी. चार्जरची वायर दाराच्या फटीत अडकली असेल तर दार उघडायचं, फोन पुसत बसून चार्जिंग होत नाही, तसंच हे.

नवीन आजार वगैरे अजिबात नाही हो. जर्मनीत बर्नहार्टने 1878 साली याचं वर्णन केलं, रशियातल्या रोटने 1895 मध्ये नाव दिलं, आणि त्याच वर्षी सिग्मंड फ्रॉईडनेही यावर लिहिलं कारण त्याला स्वतःलाच हा त्रास होता. म्हणजे मनोविश्लेषणाच्या बापाची मांडीही जळत होती, तेव्हा "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं घरात कुणी म्हणालं तर हे सांगा.

आधी खात्री करा

एक बॉलपेन घ्या आणि एक बर्फाचा खडा रुमालात. बिछान्यावर पाय पसरून बसा आणि बर्फ मांडीवरून हळूहळू फिरवा, आतल्या बाजूने बाहेर, मग वरून खाली. जिथे थंडपणा कमी किंवा विचित्र लागायला सुरुवात होते तिथे पेनाने टिंब द्या. अशी दहा-बारा टिंबं जोडली की साधारण लांबट गोल आकार तयार होतो, पॅन्टच्या बाजूच्या खिशाच्या खाली, पुढे थोडा आणि बाहेर जास्त, तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा. गुडघ्याच्या खाली जाता कामा नये, मांडीच्या आतल्या बाजूला किंवा मागे नितंबावर जाता कामा नये. याचा फोटो काढून ठेवा, डॉक्टरकडे दाखवायला पण उपयोगी आणि पुढे महिन्याने जागा आकसली की पसरली ते कळायलाही.

दुसरी गोष्ट ताकद. खुर्चीवर बसून गुडघा सरळ करा आणि घरातल्या कुणाला तरी पायाच्या नडगीवर दाबायला सांगा, दोन्ही पायांनी करा. जिना चढताना गुडघा लचकतो का बघा. वर म्हटलं तसं या नसेवर स्नायू नाहीत, त्यामुळे ताकद अगदी पहिल्यासारखी हवी. पाय जरा जरी कमी पडत असेल तर मामला वेगळा आहे, घरगुती उपाय करत बसायचं नाही.

तिसरी एक टेस्ट आहे ती फिजिओ आणि न्यूरोचे डॉक्टर करतात, घरी पण जमते. दुखरी बाजू वर येईल असं कुशीवर झोपा. दुसऱ्याने तुमच्या वर आलेल्या कमरेच्या हाडावर दोन्ही तळवे ठेवून खाली गादीकडे दाबून धरायचं, धक्के नाही, सलग 45 सेकंद. असं दाबलं की जांघेतलं ते लिगामेंट थोडं सैल पडतं आणि नस मोकळी होते, त्यामुळे दाबून धरलेलं असताना जळजळ कमी झाली तर बहुतेक हेच आहे. आमच्या घरी ही टेस्ट करताना दाबणाऱ्याला जास्त घाम फुटतो, पण कळतं.

आणि हे असेल तर थेट डॉक्टर, वाट बघायची नाही: लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, दोन पायांच्या मधल्या भागात बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं, कमरेतून निघून पोटरीपर्यंत जाणारी कळ, ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, किंवा त्या जागेवर पाण्याचे बारीक फोड. फोड म्हणजे नागीण असू शकते आणि तिचं औषध पहिल्या तीन दिवसात सुरू केलं तरच जास्त फायदा होतो. खुब्यावर बाहेरून बोट दाबलं की नेमकं हाडावर दुखत असेल, बधिरपणा नसेल आणि त्या कुशीवर झोपता येत नसेल तर ते खुब्याच्या बाहेरच्या स्नायूबंधांचं दुखणं, हा लेख त्यासाठी नाही.

दाब शोधा

खरं काम इथे आहे आणि लोक इथेच कंटाळा करतात. कमरेवर हात ठेवून पुढच्या बाजूला अंगठ्याने चाचपा, एक टोकदार हाड लागेल, दोन्ही बाजूला असतं. त्याच्या आतल्या बाजूला एक बोट सरकलात की नस साधारण तिथे असते, साधारणच म्हणतोय कारण माणसागणिक तिची वाट थोडी वेगळी असते, काहींची तर हाडावरूनच जाते, म्हणून तर तोच पट्टा बाकीच्यांना चालतो आणि तुम्हाला नाही. त्या जागेवर हळूच टिचकी मारली आणि मांडीत करंट गेल्यासारखं झालं तर बोट बरोबर पडलंय. आता दिवसभरात त्या एका इंचावर काय काय येतं ते बघायचं.

पट्टा पहिला. ऑफिसला जाताना उभं राहून पोट आत घेऊन जे भोक लावतो ते बसल्यावर दोन इंच आत रुततं, संध्याकाळी शर्ट वर करून बघा, कातडीवर पट्ट्याची लाल रेघ उमटली असेल तर तुमचं उत्तर मिळालं. गॅलिस, म्हणजे पॅन्ट खांद्यावरून अडकवायचे पट्टे, वापरा, हसू दे लोकांना. नाहीतर कमरेत इलॅस्टिक असलेल्या फॉर्मल पॅन्ट आता सगळीकडे मिळतात, दादरला स्टेशनबाहेर सुद्धा मिळतील, एक साइझ मोठी घ्या. लो वेस्ट स्किनी जीन्स सरळ बंद. जाड पाकीट किंवा चाव्यांचा जुडगा पुढच्या खिशात ठेवायची सवय असेल तर बॅगेत टाका, बसलं की तो जुडगा थेट जांघेत जातो. मोठे फोन पण तसलेच.

बायकांच्या बाबतीत परकराची नाडी. साडी सुटू नये म्हणून नाडी इतकी करकचून बांधतात की कमरेला कायमचा काळा वळ पडतो, आणि नेसण जर कमरेच्या हाडाच्या खाली असेल तर दाब बरोबर त्या बोळावर. नाडीच्या जागी रुंद इलॅस्टिकचा किंवा हुकचा परकर घ्या, म्हणजे दाब एका दोरीवर न राहता पसरतो. सलवारच्या नाडीलाही हेच लागू. बाळंतपणानंतर पोट आत जावं म्हणून बांधायचे ते पट्टे आणि ते अंगाला चिकटून बसणारे शेपवेअर, दोन्ही या त्रासात नकोतच.

मग कामधंद्याचा दाब. पोलिसांचा ड्युटी बेल्ट, सिक्युरिटीवाल्यांचा, इलेक्ट्रिशियनचा हत्यारं अडकवलेला पट्टा, कमरेचा पाऊच, जिममधला वेटलिफ्टिंगचा बेल्ट. माझा एक मावसभाऊ पोलिसात आहे, बंदोबस्ताला बारा-बारा तास उभा, त्याने वजन कमरेवरून खांद्यावर नेलं तेव्हा कुठे फरक पडायला लागला. आणि हो, ढोल. गणपतीच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी प्रॅक्टिस करणारी पोरं, ढोलाची दोरी कमरेला आवळलेली आणि ढोलाचा काठ डाव्या जांघेवर टेकलेला, त्यात नाचत नाचत वाजवायचं. तुम्ही पथकात असाल आणि त्याच बाजूची मांडी बधिर असेल तर मला वेगळं कारण शोधायची गरज वाटत नाही. दोरीखाली जाड फोमची पट्टी घाला, ढोल खांद्याच्या पट्ट्यावर घेता येत असेल तर घ्या, आणि यंदा ताशा शिका.

पोट हाही दाबच आहे, फक्त तो काढून खुंटीला टांगता येत नाही. त्यावर पुढे बोलू.

उभं राहणं, झोपणं, लोकल

पाय मागे गेला, म्हणजे खुबा सरळ किंवा उलटा ताणला गेला, की ही नस ताणली जाते, आणि खुबा दुमडला की सैल पडते. एवढं एक सूत्र डोक्यात ठेवलं की अर्ध्या गोष्टी आपल्याआपण सुचतात. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहायचं असेल तर पायाखाली पाट घ्या, दुखरा पाय पाटावर, दहा-पंधरा मिनिटांनी बदला. ओट्याला जांघ टेकवून उभं राहायची सवय असते बऱ्याच जणींना, ती मोडा, ओट्याची कड तिथेच लागते. उंच टाचांच्या चपला घातल्या की कंबर पुढे झुकते, त्या थोडे दिवस कपाटात.

मुंबईच्या लोकलचं काय करणार. विरार फास्टमध्ये उभं राहायला जागा मिळाली तरी देवाची कृपा, तिथे पाट कुठून आणणार. पण दाराजवळच्या गर्दीत मागून रेटा आला की आपण पोट पुढे काढून, पाय मागे टाकून स्वतःला सावरतो, ती पोझिशन या नसेसाठी सगळ्यात वाईट. जमेल तर आत सीटच्या मधल्या जागेत घुसा, तिथे एक गुडघा थोडा वाकवून, बॅग पाठीवरून काढून वर रॅकवर टाकून उभं राहता येतं, शिवाय चौथी सीट मिळायचा चान्स तिथेच. स्लो लोकल घेतली तर वेळ जातो पण बसायला मिळतं, त्रास जोरात असेल तेव्हा मी सरळ स्लो सांगेन. आणि बॅग एका खांद्यावरून तिरकी घेऊन तिचा पट्टा कमरेच्या हाडावर घासणारी असेल तर ती बदला.

रात्री पाय सरळ ताणून उताणं झोपलं की जळजळ वाढते असं बरेच जण सांगतात, मग गुडघ्याखाली एक जाड उशी किंवा लोड घ्या. कुशीवर झोपायचं तर चांगल्या बाजूवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटावर झोपणं बंद. ऑफिसमधून आल्यावर जमिनीवर उताणं पडून दोन्ही पोटऱ्या खुर्चीवर टाकून पंधरा मिनिटं पडा, खुबा आणि गुडघा दोन्ही काटकोनात, औषधाच्या गोळीपेक्षा लवकर बरं वाटतं. मात्र मांडी घालून तासन् तास बसणं, त्यातही पद्मासन, याने काहींचा त्रास वाढतो, तुमचा वाढतो का ते बघून ठरवा.

व्यायाम

थोडक्यात सांगतो कारण यात चमत्कार काही नाही. भुजंगासन, धनुरासन, सूर्यनमस्कारातली एक पाय मागे टाकायची स्थिती, लांब ढांगा टाकून चालणं, ट्रेडमिलवर चढ, हे सगळं पहिले काही आठवडे बाजूला. सायकल ज्यांना पुढे वाकून चालवायची सवय आहे त्यांनीही थांबा. त्याऐवजी उताणं पडून गुडघे वाकवून पोट आत ओढत कंबर जमिनीला चिकटवायची, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. मग त्याच स्थितीत नितंब उचलायचे, पण जांघ पूर्ण ताठ होईपर्यंत नाही, जळजळ सुरू व्हायच्या आधी थांबायचं. जळजळ शांत झाली की मग जांघेच्या पुढच्या स्नायूचं स्ट्रेचिंग फिजिओकडून शिकून घ्या, तो आखडलेला असेल तर कंबर कायम पुढे ओढलेली राहते. चालणं मात्र सोडू नका, शिवाजी पार्कला एका दमात पाच फेऱ्या मारण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं चाला, ढांगा छोट्या ठेवून.

मालिशबद्दल एकदाच बोलतो. मांडी रगडून काही होत नाही, तिथे बिघाडच नाहीये. जांघेत जोरात अंगठा घालून "नस मोकळी" करणारे भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार, आधीच चेपलेल्या नसेला आणखी चेपायचं कशाला. आणि गरम पाण्याची पिशवी बधिर जागेवर अजिबात ठेवू नका, कातडीला चटका कळत नाही आणि सकाळी फोड आलेला दिसतो, शुगर असलेल्यांनी तर डबल सावध. शेकायचंच असेल तर कंबर शेका. बर्फ जांघेतल्या त्या हाडाच्या आतल्या बाजूला, कापडात गुंडाळून, दहा मिनिटं, चालतं.

वजन, शुगर, थायरॉईड

डायबिटीस असलेल्यांना हा त्रास इतरांपेक्षा सात पटीने जास्त होतो असं अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या एका अभ्यासात दिसलं होतं, आणि जाड माणसांना जास्त होतो हे तर सगळीकडे लिहिलेलं आहे. त्यामुळे एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि बी12 (व्हिटॅमिन) या रक्ताच्या तपासण्या एकदा करून घ्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी12 कमी होतं, आणि आपल्याकडे शाकाहारी घरात ते आधीच कमी असतं. बी12 खरंच कमी असेल तर इंजेक्शन घ्या. नॉर्मल असताना केमिस्टकडून न विचारता मिथाइलकोबालामिनचा, म्हणजे बी12चाच, कोर्स मारला तर पट्ट्याखाली चेपलेली नस काही सुटत नाही.

वजन उतरवा हे सांगणं सोपं, मला माहितीये. पण इथे वीस किलोची गरज नसते बऱ्याचदा, घेर थोडा कमी झाला आणि पोटाची वळी पट्ट्यावरून मागे सरकली तरी फरक पडतो. रात्री साडेदहाला घरी येऊन जेवणारी आपण माणसं, निदान संध्याकाळी स्टेशनवरचा वडापाव सोडा. गरोदरपणात सुरू झालेला त्रास मात्र वजनाच्या यादीत घालू नका, तो बाळंतपणानंतर बहुतेक वेळा आपोआप जातो, तोपर्यंत उशा, पाट आणि सैल कपडे, आणि औषध फक्त आपल्या डॉक्टरला विचारून.

डॉक्टरकडे कधी आणि कुठे

सगळा दाब काढून सहा ते आठ आठवडे झाले आणि तरी फरक नाही, किंवा रात्री झोप होत नाही, तर जा. आधी फॅमिली डॉक्टर, मग न्यूरॉलॉजिस्ट किंवा पेन क्लिनिक. खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर या तिन्ही हॉस्पिटलांत न्यूरॉलॉजीची ओपीडी आहे, केस पेपरच्या लायनीत सकाळी लवकर उभं राहायची तयारी ठेवा, शक्य असेल तर लायनीत घरचं कुणी तरी उभं राहू दे आणि तुम्ही बसा. फिजिओसाठी हाजी अलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिनची संस्था आहे.

आत गेल्यावर नुसतं "पाय दुखतो" म्हणू नका. असं सांगा: मांडीच्या बाहेरच्या बाजूला एवढ्याच जागी बधिर आहे, उभं राहिलं की वाढतं, बसलं की कमी होतं, गुडघ्याखाली काही नाही, ताकद ठीक आहे, कंबर दुखत नाही. आणि तो पेनाने काढलेल्या नकाशाचा फोटो पुढे करा. "पाय दुखतो, मुंग्या येतात" एवढंच ऐकलं की गर्दीच्या ओपीडीत हात आपोआप सायटिकाकडे जातो आणि चिठ्ठीवर एमआरआय येतो.

एमआरआयची गंमत अशी की कंबरेचा काढला की त्यात काहीतरी निघतंच. ज्यांना काहीही दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांचे स्कॅन एकत्र करून 2015 मध्ये एक अभ्यास छापला गेला, त्यात विशीतल्या 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांच्या मणक्यातली गादी फुगलेली दिसली, आणि हे सगळे ठणठणीत. मग तुमच्या रिपोर्टमध्ये "डिस्क बल्ज" आलं की मांडीचं खापर तिच्यावर फुटतं, ट्रॅक्शन (कमरेला वजन लावून ताण देणं) सुरू होतं, वरून कमरेला पट्टा देतात, तोच पट्टा जो नसेवर बसतो! कंबरदुखी असेल, गुडघ्याचा रिफ्लेक्स कमी असेल, कळ खाली उतरत असेल तर एमआरआय जरूर, नाहीतर कशासाठी एवढं शांतपणे विचारा. नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे हलका करंट देऊन नसेतून सिग्नल कसा जातो ते बघणं, पण करतात, पण ही नस बारीक आहे आणि जाड माणसात तिचा सिग्नल चांगल्या बाजूलाही नीट सापडत नाही, त्यामुळे रिपोर्ट दोन्ही बाजूंची तुलना करूनच वाचायचा.

गोळ्या

साध्या पेनकिलरने नसेची जळजळ फारशी जात नाही, डायक्लोफिनॅक खाऊन ॲसिडिटी मात्र होते. यासाठी वेगळी औषधं असतात, प्रीगाबालिन, गाबापेंटिन, किंवा रात्री छोट्या डोसमध्ये ॲमिट्रिप्टिलिन. ही डॉक्टरच्या चिठ्ठीनेच, शेजाऱ्याच्या पाकिटातून नाही. प्रीगाबालिनने झोप आणि गरगर येते, म्हणून पहिला डोस रात्री, आणि दुसऱ्या दिवशी लोकलच्या दारात लटकायचं नाही, टू-व्हीलर चालवायची नाही. तिच्याने वजनही वाढतं आणि पायाला सूज येते, म्हणजे ज्या पोटाने नस दाबली तेच पोट आणखी पुढे, हे डॉक्टरला आठवण करून द्यायला हरकत नाही. ॲमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं, आणि प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगायचं. बरं वाटलं म्हणून यातली कुठलीच गोळी एका दिवसात बंद करायची नाही, हळूहळू कमी करायची. लिडोकेनचे चिकटवायचे पॅच मिळतात, 12 तास लावायचा आणि 12 तास काढून ठेवायचा, ज्यांना कापड लागलं तरी सहन होत नाही त्यांना बरे पडतात.

इंजेक्शन आणि ऑपरेशन

गोळ्यांनी भागलं नाही तर पुढची पायरी म्हणजे जांघेत नसेशेजारी भूल आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन. स्टिरॉइड म्हटलं की लोक दचकतात, पण हे एका जागी दिलेलं असतं, रोजच्या गोळ्यांसारखं नाही. याचे दोन उपयोग. भूल लागताच काही मिनिटांत जळजळ थांबली तर निदान पक्कं झालं, आणि नंतर स्टिरॉइडने सूज उतरली तर आठवडे, महिने, कधी कायमचा आराम. नसेची वाट प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे सोनोग्राफीवर बघत बघत इंजेक्शन देणारा डॉक्टर शोधा, हे आधीच फोन करून विचारता येतं. त्या दिवशी मांडी पूर्ण बधिर होते, कधी औषध शेजारच्या मोठ्या नसेपर्यंत पोचून गुडघा थोडा वेळ ढिला पडतो, म्हणून सोबत कुणाला तरी न्या आणि येताना रिक्षा-टॅक्सी करा, पूल चढू नका. शुगर असेल तर चार-पाच दिवस ती वर जाते, घरी मीटर असेल तर तपासत राहा.

ऑपरेशनची वेळ थोड्यांवर येते. त्यात दोन प्रकार, एकात लिगामेंट सोडवून नस मोकळी करतात, दुसऱ्यात नसच कापून टाकतात. तोपर्यंत छापलेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा 2012 मध्ये कॉक्रेन या उपचारांचे अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने घेतला, त्यात इंजेक्शनने 83 टक्के, नस मोकळी करून 88 टक्के आणि नस कापून 94 टक्के लोकांना बरं वाटलं किंवा सुधारणा झाली. आकडे बघून कापणंच बरं असं वाटेल, पण त्याच आढाव्यात काहीही न करता 29 पैकी 20 जण आपोआप सुधारले हेही आहे, आणि या सगळ्या उपायांची एकमेकांशी नीट तुलना करणारी ट्रायल त्यात एकही नव्हती. नस कापली की मांडीचा तो तुकडा जन्मभर बधिर. काहींना जळण्यापेक्षा बधिर परवडतं, ठीक आहे, पण हा निर्णय ज्याची मांडी त्याने घ्यायचा, आणि असं ऑपरेशन नेहमी करणाऱ्या सर्जनशी बोलून. आधीच्या इंजेक्शनने निदान थोडा वेळ तरी आराम पडला होता ना, हे पक्कं असल्याशिवाय टेबलावर जाऊ नका, नाहीतर चुकीच्या नसेचं ऑपरेशन व्हायचं.

वेळेचा अंदाज हवा असेल तर असं. दाब गेला की जळजळ आणि सुया काही आठवड्यांत कमी व्हायला लागतात, बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो. नसेतले तंतू दुखावले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतात, आणि जांघेपासून मांडीच्या मध्यापर्यंत वीस सेंटिमीटर तरी अंतर आहे, हिशेब तुम्हीच करा. मधेच त्या जागी खाज सुटते, मुंग्या वाढतात, त्याने घाबरून पुन्हा एमआरआयला पळू नका. महिन्यातून एकदा बर्फ फिरवून नवीन टिंबं काढा आणि जुन्या फोटोशेजारी ठेवून बघा, रोज रोज चाचपत बसलात तर काहीच कळणार नाही. आकार लहान होत असेल तर जे चाललंय ते चालू ठेवा, जुन्या जीन्सचं बटण लागायला लागलं तरी ती घालू नका, आणि ढोलवाल्यांनी पुढच्या वर्षी कमरेला दोरी बांधायच्या आधी फोम विसरू नका.